भटूच्या मशीनचं घर

किस्से गोळा करायला मी कधी कोणाच्या दारात गेले नाही. म्हणजे दारात गेले, पण किस्से गोळा करायला नाही. भटूची पत्र्याची शेड आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, मध्ये एक बोळ. त्याचं मशीन सुरू झालं की लाकडाचा भुसा उडून थेट आमच्या ओट्यावर येतो. रोज झाडते, रोज येतो. तिथल्या गोष्टींचंही तसंच. झाडून बाहेर काढाव्यात तर डब्यांच्या मागे जाऊन बसतात. आता बसल्याच आहेत, तर सांगते.

आधी घर सांगायला हवं. आमच्या धानोऱ्यातलं हे सुतारांचं घर. थोरला हिलालदादा, धाकटा भटू. घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. मागचं अंगण मात्र कमरेएवढ्या भिंतीने वाटलेलं. गावातली निम्मी दारं हिलालदादाच्या हातची. त्याची बायको गेली तेव्हापासून त्याचं ताट भटूची बायको मंगला त्या कमरेएवढ्या भिंतीवरून देते. भटू सुरतेला कापडावर भरतकाम करणाऱ्या मशीनींचा मेकॅनिक होता. तिथून गावी परत आला तो डोक्यात एकच किडा घेऊन. लाकडावर नक्षी कोरणारं मशीन घरीच बनवायचं. कम्प्युटरवर नक्षी काढायची, बटण दाबायचं, मशीन कोरणार. 'सीएनसी राऊटर' म्हणतात त्याला. मी सातवी शिकलेली, पण हा शब्द आता मला झोपेतही येतो.

*

पहिल्यांदा टेम्पो आला तेव्हा त्यातून गोण्या उतरल्या. मला वाटलं, बियाणं. जाऊन पाहिलं तर सुरतेच्या भंगारातल्या मोटरी.

"पाण्याच्या का रे?" मी विचारलं.

"नही आक्का. ह्या सर्वो मोटरी शेतस. इले सांगं, इतलीच फिर, ते इतलीच फिरस. केसभर जास्त नही."

"अशी एक मन्हा घरमा बसाडी दे बाबा. आमना ह्या पारवर जाई येस सांगतस, अन् जेवाना वखतले येतस."

भटूला विनोद कळत नाही. तो गंभीर होऊन म्हणाला, "बसाडसू, पन त्यास्ले एन्कोडर लागी."

ते काय असतं, विचारलं. तर मोटरीच्या पाठीला एक चकती असते, ती मोटरीवर सारखी नजर ठेवते. तू इथवर आलीस, आता इथे आहेस, असं क्षणाक्षणाला सांगत राहते.

म्हटलं, "मंग रेऊ दे. ती ते मी शेच."

*

आता जे सांगते ते हसत सांगता येणार नाही, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मशीन पहिल्यांदा चाललं त्या दिवशी अर्धी गल्ली शेडच्या दारात. मशीनने फळीवर एक गोल कोरला. चांगला गोल होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिलालदादा भिंतीच्या पलीकडून बघत होता. भिंतीवर पडलेला भुसा त्याने चिमटीत घेतला, बोटांनी चोळला, अन् मोठ्याने म्हणाला, "भटू, छिलका कोठे शे रे? हाई ते पीठ शे. गिरनी टाकी का तू?"

छिलका म्हणजे रंधा मारला की लाकडाची जी पातळ साल गुंडाळी होत निघते ती. सुताराचा हात कसा आहे ते छिलक्यावरून कळतं, असं हिलालदादाचं म्हणणं. त्याचा छिलका इतका पातळ निघायचा की त्यातून पलीकडचं बोट दिसायचं. मशीनला छिलका निघत नाही. मशीन लाकूड खाऊन त्याचं पीठच करतं.

लोक हसले. भटूही हसला. पण हसता हसता बोलून गेला, "दादा, तुन्हा हात आते थरथरतस. मशीनना थरथरत नही."

तेव्हा कोणी हसलं नाही.

हिलालदादाने हातावरचा भुसा खांद्यावरच्या टॉवेलला पुसला. "बरं," म्हणाला, अन् आत गेला. त्यानंतर भावाभावांचं बोलणं बंद. भांडण नाही, वाटणी नाही, शिवीगाळ नाही. फक्त बोलणं बंद. भटू दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी जाऊन उभा राहिला होता. मी पाहिलं. पण दादा बाहेर आला नाही अन् भटूने हाक मारली नाही.

मला तो एकदा म्हणाला, "आक्का, दादानी एकदाव ह्या शेडमा पाय ठेवा पाहिजे. बस. मंग मशीन भंगारमा गयं तरी चाली."

हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. एका माणसाला सोडून.

*

रोज सकाळी मशीन सुरू झालं की आधी घरी जायचं. हे मला फार आवडायचं.

होतं काय, बंद केलेल्या मशीनला सकाळी ठाऊकच नसतं आपण कुठे उभं आहोत ते. म्हणून बटण दाबलं की ते आधी हळूहळू सरकत एका कोपऱ्यात जातं. तिथे भटूने एक सेन्सर बसवलेला. चिमट्याएवढं काळं काहीतरी, दोन पाकळ्या, मध्ये फट. एका पाकळीतून दुसरीत न दिसणारा उजेड जात असतो. मशीनची पट्टी त्या फटीत शिरली, उजेड अडला, की मशीनला कळतं, घर आलं. हिरवा दिवा लागतो. मग तिथून मोजत मोजत ते कामाला निघतं.

"आन् घर सापडनं नही ते?" मी विचारलं.

"ते काम चुकस, आक्का. सुरुवातच चुकनी, ते बठ्ठं चुकस."

भटूचा नियम होता. हिरवा दिवा लागल्याशिवाय चहाचा पहिला घोट नाही. मंगला म्हणायची, "मन्हा नवरा घरवर उना का नही, हाई कोनी इचारत नही. मशीन घर पोचनं का, हाई गल्लीभर इचारतस."

*

तर त्या सेन्सरला ऊन चालत नाही, हे उन्हाळ्यात कळलं. शेडच्या पत्र्याला एक भोक. दुपारी त्यातून उन्हाचा पट्टा नेमका सेन्सरवर पडायचा अन् मशीनला घर दिसायचंच नाही. कोपऱ्याला धडक मारून कुंथत राहायचं. भटूने काय करावं? मंगलाची छत्री आणून मशीनवर उघडी टांगली.

येणारा-जाणारा विचारी, "काय भटू, मशीनले लू लागस का?"

हिलालदादा अंगणात लाकूड तासत होता. मी धुणं वाळत घालत होते. त्याने मान वर न करता मला सांगितलं, "सुमन, त्याले सांग. भोक पत्राले शे, मशीनले छत्री कसाले?"

भटू हातभर अंतरावर. ऐकू आलंच होतं. तरी मी सांगितलं. निरोप घेतला की पोचवायचा, हा माझा नियम.

भटू म्हणाला, "सांग त्याले, छत्री बरी शे."

संध्याकाळी मी बघते तर हा गडी शिडी लावून पत्र्यावर! डांबराने भोक बुजवून टाकलं. पण छत्री काढली नाही. पाऊस आला, गेला, थंडी आली, ती छत्री तशीच टांगलेली. दादाचं ऐकलं हे दादाला दिसू नये म्हणून.

*

ताटाचा किस्सा मंगलाने सांगितला.

हिलालदादाच्या रंध्याचं पातं बोथट झालं. घासायचा दगड झिजलेला, हात तसे. अन् भटूच्या शेडमध्ये धार लावायचं चांगलं ग्राइंडर. पण मागायचं कसं? एका दुपारी रिकामं ताट भिंतीवरून परत आलं, तर वाटीखाली ते पातं.

मंगलाने काही न बोलता नवऱ्यापुढे ठेवलं. नवऱ्याने काही न बोलता धार लावली. त्या दिवशी जेवण टाकून लावली, असं मंगला म्हणते. संध्याकाळी पहिल्याच कळण्याच्या भाकरीखाली ठेवून पातं परत गेलं.

थोड्या वेळाने पलीकडून रंध्याचा आवाज आला. सर्र, सर्र. मग हिलालदादा भिंतीशी आला. मी तिथेच होते, मी कुठे नसते?

"सुमन, मंगलाले सांग. आज भाजी चांगली व्हयनी."

मंगला कपाळावर हात मारून म्हणाली, "आक्का, भाजी ते अजून चुल्हावर शे."

शेडमध्ये भटू मशीनकडे तोंड करून उभा होता. पाठमोरा. पण मला त्याचे कान दिसले. कानसुद्धा हसतात माणसाचे.

इतकं जवळ आलं होतं हो. एक शब्द कोणी टाकला असता. पण दोघांनीही मलाच एन्कोडर करून ठेवलेलं.

*

दसऱ्याला सुतार हत्यारं पूजतात. हिलालदादाची पूजा गल्लीतली पोरंटोरं बघायला जायची. पाटावर सगळी हत्यारं ओळीने मांडलेली. कुंकू सगळेच लावतात. पण हिलालदादा फूल वाहायचा नाही. सागाच्या फळीवर एकदाच रंधा मारायचा, लांबलचक छिलका काढायचा, अन् त्याचे तुकडे करून एकेक तुकडा एकेका हत्याराला. पटाशीच्या धारेवर, करवतीच्या दातात, रंध्याच्या तोंडात.

"फूल शेतकरीले," म्हणायचा. "आपला देवले छिलका."

त्यांच्या बापाची रीत. भटू लहान असताना छिलका धरायचा मान त्याचा असायचा.

मशीन झाल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला भटूने शेड झाडली, मंगलाने मशीनला झेंडूची माळ घातली, अन् भटूने मशीनसमोर एक पाट मांडला. बसायचा. मी विचारलं, कोणासाठी? तर म्हणे, "असाच." दिवस मावळेपर्यंत तो पाट तिथेच होता. भिंतीपलीकडून रंध्याचा एकच आवाज आला, लांब. मग काही नाही.

मंगलाने दिवा लावला अन् पाट उचलला. दुसऱ्या दिवशी मात्र तो परत तिथेच. भटूने काही तो पुन्हा उचलू दिला नाही. त्यावर कोणी बसायचं नाही, मीसुद्धा. एकदा बसले होते तर म्हणाला, "आक्का, खुर्ची आनू का?"

*

मागच्या पावसाळ्यात भटू आमच्या घरी आला, मोबाईल घेऊन, चोरासारखा. आमच्या देव्हाऱ्याच्या दारावर हिलालदादाने कोरलेला मोर आहे. मान मागे वळवून बघणारा. असा मोर दुसरं कोणी कोरत नाही. बाकीच्यांचे मोर सगळे पुढे बघतात. भटूने त्याचे फोटो काढले, पातळ कागद लावून पेन्सिलने उतरवून घेतला.

"काय करशी?"

"मशीनवर काढसू. दादाले देसू. हात थरथरनात तरी तुन्हा मोर राही, असं सांगसू त्याले." मग थोडं थांबून, "ते मी तवय बोलनू, ते... आक्का, कोनले सांगू नको."

मला सांगू नको म्हणणं म्हणजे पत्र्याला पाऊस थांबव म्हणणं. पण खरंच सांगितलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही.

सागाची जुनी फळी, बापाच्या वेळची. त्यावर मशीनने दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत मोर जवळजवळ पुरा केला. पिसारा झाला, पाय झाले, वळलेली मान झाली. डोळा अन् तुरा राहिला. दसऱ्याला पूजेपुरतं सोडून हत्यार चालवायचं नसतं, म्हणून भटूने मशीन बंद केलं, फळीवर चादर टाकली. मंगलाने माळ घातली. संध्याकाळी सगळं गाव सोनं वाटायला बाहेर. मीही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटूने बटण दाबलं. चादर कोणीतरी घडी करून ठेवलेली होती. त्याला वाटलं मंगलाने. हिरवा दिवा लागलेला होता, म्हणून तो चहाचा घोट घ्यायला वळला. मशीन घरी गेलंच नव्हतं. जिथे उभं होतं तिथेच त्याला वाटलं, घर आलं. अन् तिथून मोजत ते मोराचा डोळा कोरायला निघालं.

आवाज मी खिडकीतून ऐकला. धावत गेले तेव्हा मशीन बंद होतं. मोराच्या मानेवर आरपार चर पडलेला.

भटू मला दिसलाच नाही असा बाहेर आला. बोळात उभं राहून ओरडला. या माणसाचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकलाय. "मन्हा मशीनले कोनी हात लावा? जो कोनी व्हई, त्यानी परत ह्या शेडमा पाय ठेवाना नही! बठ्ठा ऐकी ल्या!"

त्याचा राग गल्लीतल्या पोरांवर होता. सगळ्यांनाच वाटलं, पोरंच शिरली असतील.

हिलालदादा त्याच्या ओट्यावर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला. अर्धा होता. उठून आत गेला.

त्या दिवशी त्याचं ताट जसंच्या तसं परत आलं. मंगला म्हणाली, बरं वाटत नसेल. दुसऱ्या दिवशी जेवला. पण त्यानंतर रंध्याचा आवाज काही आला नाही.

भटूने तो सेन्सर मुळासकट उपटला, खारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात फेकला, अन् दुसऱ्या जातीचा आणून लावला. नवी फळी घेतली. दुसरा मोर सुरू केला. अर्धा झाला असेल, तेवढ्यात कपाशीच्या शेवटच्या वेचणीच्या दिवसांत हिलालदादा झोपेतच गेला. सकाळी मंगला भिंतीवरून हाक मारत होती, अन् चहा गार होत होता.

भटूने मशीन बंद केलं, ते बंदच. दादाची हत्यारांची पेटी शेडमध्ये आणून ठेवली, मशीनशेजारी. उघडली नाही.

*

आता शेवटचं. परवाचंच आहे.

आमचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला भटूच्या शेडचा पत्रा बरा तापतो. ते काढायला मी गेले होते, तर शेडमध्ये भटू. किती दिवसांनी मशीनवरची चादर काढलेली. अर्धा मोर तसाच मधोमध, त्याच्यावर मशीनही तसंच थांबलेलं. नव्या सेन्सरची वायर उंदरांनी खाल्लेली. म्हणून भटू खारीचा डबा उपडा करून जुना सेन्सर शोधत होता. मंगला चहा घेऊन उभी.

सापडला. त्याने शर्टाला पुसला, उजेडाकडे धरला. फटीत काहीतरी तपकिरी होतं. मला वाटलं, झुरळाचा पंख.

भटूने नखाने त्याचं एक टोक जरा ओढलं. ते गुंडाळी होऊन परत आत गेलं.

सागाचं होतं. इतकं पातळ की पलीकडचं त्याचं नख दिसत होतं.

मग भटू म्हणाला, "मंगला, दसराना दुसरा दिन, चादर तू घडी करेल व्हती ना?"

"नही. माले वाटनं, तुम्हीच करी."

तो माझ्याकडे वळला. "आक्का, तुन्ही खिडकीमाईन शेड दिखस ना?"

"दिखस रे."

"दसराना दिन, संध्याकायले... कोन उनं व्हतं?"

बारा महिने त्या खिडकीतून कोणाचं मांजर कोणाच्या दुधात तोंड घालतं तेही मला दिसतं. अन् तेवढी एक संध्याकाळ मी खालच्या गल्लीत होते, सोनं वाटत.

"माले ठाव नही, भाऊ," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. चिडला नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला, अन् तो जुना सेन्सर होता तसा, फटीतल्यासकट, त्याच्या जुन्या जागी बसवला. वायर जोडली. मंगलाने चहा पुढे केला, त्याने हातानेच थांब म्हटलं.

मग बटण दाबलं.

मशीन जागचं हललं नाही. हिरवा दिवा लागला.